वजनाचं ऑपरेशन झालं, आता घरी आल्यावर काय? (नवीन लोकांसाठी)

ऑपरेशनच्या आधी सगळ्यांचं बोलणं ऑपरेशनपुरतंच असतं. किती तास, किती टाके, किती दिवस ॲडमिट. मीपण तेच विचारत बसले होते. घरी येऊन तिसराच दिवस, सवयीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला आणि तो छातीच्या मधोमध असा काही दगडासारखा बसला की ओट्याला धरून दोन मिनिटं तशीच वाकून उभी. साधा पाण्याचा घोट! तेव्हा लक्षात आलं की तयारी सगळी ऑपरेशनच्या दिवसाची केली होती, त्यानंतरच्या दिवसांची काहीच नाही.

माझी स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) होऊन साडेचार वर्षं झाली. तेव्हा ११८ किलो होते, सगळ्यात कमी ८३ झाले, आता ८८ च्या आसपास असते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, तुमचे सर्जन आणि डाएटिशियन जे सांगतील ते पहिलं, माझं त्यानंतर. पण काही गोष्टी हॉस्पिटलच्या कागदावर एका ओळीत लिहिलेल्या असतात आणि जगायला वर्ष लागतं, त्या इथे लिहितेय.

आधी आत काय बदललंय ते समजून घ्या

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. दुसरा प्रकार बायपास, त्यात वरच्या बाजूला अंड्याएवढी छोटी पिशवी करतात, साधारण ३० मिलीची, आणि तिला पुढचं लहान आतडं थेट जोडतात, म्हणजे अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जठराच्या वरच्या भागात जास्त बनतं, स्लीव्हमध्ये तो भागच जातो, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा जेवायचं विसरले होते मी! हे कायम राहत नाही. भूक हळूहळू परत येते, आणि ती आली की ऑपरेशन फेल गेलं असं समजून घाबरू नका.

जुनं पोट भरलं की जड वाटायचं, आपण तरी आणखी दोन घास घ्यायचो. नवीन पोट तसं जड वाटून देत नाही, ते वेगळ्याच खुणा करतं, आणि त्या खुणा ओळखायला शिकणं हेच पहिल्या वर्षातलं मुख्य काम आहे असं माझं मत झालंय. वजन तर पहिल्या वर्षात तसंही उतरतं.

पायरी १: पहिले दोन आठवडे, लक्ष फक्त पाण्यावर आणि चालण्यावर

या दिवसांत लोक प्रोटीनच्या मागे लागतात, पण हॉस्पिटलात परत जायची वेळ बऱ्याचदा डीहायड्रेशनमुळे येते. तर पाणी हा पूर्णवेळ जॉब समजा. माझी युक्ती सांगते. सिरपच्या बाटलीसोबत मोजायचं ३० मिलीचं छोटं झाकण येतं ना, ते घ्या. दर १५ मिनिटांनी एक झाकण, तेही दोन-तीन घोटांत. जागे असतो ते १४ तास धरले तर १६८० मिली होतात, आणि दिवसाला दीड ते दोन लिटर एवढंच टार्गेट असतं. ग्लास समोर ठेवला की दडपण येतं, झाकणाचं येत नाही. थंड पाणी काहींना जातच नाही, कोमट जातं, काहींचं उलटं. करून बघा. सोडा, कोल्ड्रिंक, स्ट्रॉ हे सगळं बंद, आत हवा गेली की कळ येते. लघवी गडद पिवळी दिसली की समजा पाणी कमी पडतंय.

चालायला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात, घरी आल्यावरही दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं चाला, कारण पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका या दिवसांत असतो. जड काही उचलू नका, साधारण चार ते सहा आठवडे. खांद्यात दुखलं तर दचकू नका, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात त्याचं दुखणं खांद्यात जाणवतं आणि काही दिवसांत जातं.

पण हे मात्र थांबून वाचा. नाडी सतत १२० च्या वर, ताप, धाप लागणं, पोटात वाढत जाणारी कळ, किंवा एका पोटरीत दुखून सूज, यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं. शिवणीतून गळती होत असेल तर सुरुवातीला कधीकधी नुसती नाडीच वाढलेली असते, बाकी माणूस बरा दिसतो. आपण उगाच त्रास देतोय का लोकांना, असलं काही मनात आणू नका.

पायरी २: पातळ, मग प्युरी, मग मऊ

प्रत्येक टीमचं टाइमटेबल थोडं वेगळं असतं पण साधारण असं की पहिले एक-दोन दिवस गाळलेलं पातळ, मग दोनेक आठवड्यांपर्यंत दूध, दही, गाळलेलं सूप, प्रोटीन शेक, मग काही आठवडे मिक्सरमधून काढलेली प्युरी, मग मऊ अन्न, आणि दोन महिन्यांच्या आसपास नेहमीचं जेवण, अर्थात चिमूटभर. इथे घाई करणारे मी बघितलेत, आठव्या-दहाव्या दिवशी एकदम छान वाटायला लागतं आणि माणूस म्हणतो की मला तर काही त्रासच नाही, खाऊन बघू. बाहेरचे टाके दिसतात, आतली लांबलचक शिवण दिसत नाही, तिला अजून भरून यायचं असतं. वाटतंय बरं म्हणून टप्पा ओलांडू नका.

चव आणि वास बदलतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जो शेक ऑपरेशनच्या आधी आवडला म्हणून मोठा डबा घेऊन ठेवला होता तो नंतर नाकाजवळही नेता येईना. म्हणून आधीपासून साठा करू नका, छोटी पाकिटं घ्या. काहींना दूध पचेनासं होतं, मग लॅक्टोज नसलेलं बघा.

पायरी ३: खायला परत शिकणं

इथे जरा सावकाश जाऊ या, कारण सगळं इथेच आहे.

माझं पहिलं घट्ट अन्न म्हणजे उकडलेलं अंडं. एक लहान वाटी, लहान मुलांचा चमचा, आणि मोबाईलवर टायमर. अंड्याचा चण्याएवढा तुकडा तोंडात टाकायचा, त्याचा अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, गिळायचा, चमचा खाली ठेवायचा. हातात धरून बसायचं नाही, खाली ठेवायचा! मग एक मिनिट काही नाही. पहिल्या दिवशी अर्धं अंडं खायला २५ मिनिटं लागली आणि उरलेलं अर्धं बघून मला रडू आलं, का ते अजून सांगता येत नाही.

आता त्या खुणा. मला पोट भरलं की उजव्या नाकपुडीतून पाणी येतं. हसू नका, नाक गळणं, उचकी, शिंक, एक खोल उसासा, असल्या विचित्र खुणा खूप जणांना असतात. खूण पहिल्यांदा आली की थांबायचं. त्यानंतरचा एक घास म्हणजे संकट. ऑफिसात पहिल्यांदा जेवले तेव्हा गप्पांच्या नादात नाकातलं पाणी टिशूने पुसलं आणि चिकनचा अजून एक तुकडा घेतला, तोही नीट न चावता. पुढची ४० मिनिटं वॉशरूममध्ये. छातीत कोणीतरी मूठ धरून ठेवल्यासारखं, तोंडात पांढरा फेसाळ चिकट लाळेचा लोंढा, आणि शेवटी तो तुकडा जसाच्या तसा बाहेर. अशा वेळी वरून पाणी पिऊन तो खाली ढकलायला जाऊ नका, जास्त वाईट होतं. उभं राहा, हळू चाला, वेळ जाऊ द्या. आणि तो तुकडा तासन्तास हललाच नाही किंवा लाळसुद्धा गिळता येईना, तर डॉक्टर.

जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास नाही. ही सवय मला सगळ्यात जड गेली, अजूनही टेबलावर ग्लास दिसला की हात जातो म्हणून मी ग्लास ठेवतच नाही.

ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-ब्रेड. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात साधारण, आणि एवढ्याशा पोटात ते बसवायचं तर आधी भात खाऊन चालतच नाही. कोरडं मांस आणि मऊ ताजा ब्रेड या दोन गोष्टींनी बहुतेकांना पहिले काही महिने छळलेलं असतं. ब्रेडचा आत गोळा होतो.

पायरी ४: गोड आणि डम्पिंग

डम्पिंगचा त्रास बायपासवाल्यांना जास्त, स्लीव्हवाल्यांनाही कधीकधी. साखर किंवा खूप तेलकट पोटात गेलं की ते भसकन लहान आतड्यात उतरतं आणि १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात पिळवटणं, जुलाब, आणि असं वाटतं की आता आडवं पडलंच पाहिजे. हे लवकरचं डम्पिंग. उशिराचं एक ते तीन तासांनी येतं, त्यात रक्तातली साखर एकदम खाली जाते, हात थरथरतात, डोकं चालत नाही. काही जण म्हणतात की बरं आहे की, गोडाचा आपोआप बंदोबस्त. मला हे पटत नाही. बऱ्याच जणांना वर्ष-दोन वर्षांत डम्पिंग कमी होतं आणि तोपर्यंत दुसरी कुठली सवय लागलेलीच नसते. उशिराचं डम्पिंग वारंवार होत असेल तर गोड खाऊन सारखं भागवत बसू नका, डॉक्टरांना सांगा. गाडी चालवताना झालं तर काय कराल?

डायबेटिस किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस पहिल्या काही दिवसांतच बदलावा लागू शकतो. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर किंवा बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं, आणि स्वतःहून बंद करणं हेही चूकच.

पायरी ५: गोळ्या, आयुष्यभर

हो, आयुष्यभर. मल्टीव्हिटॅमिन, बी१२, लोह, डी, कॅल्शियम. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम सांगतात पण एका वेळी ५००-६०० च्या वर अंगी लागत नाही म्हणून दोन-तीन वेळा विभागून, आणि शक्यतो कॅल्शियम सायट्रेट, कारण कॅल्शियम कार्बोनेटला जठरातलं ॲसिड लागतं आणि ते आता कमी असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर. थायरॉईडची गोळी असेल तर या दोन्हींपासून चार तास लांब. मी मोबाईलवर चार अलार्म लावलेत, घरचे वैतागतात, वैतागू देत.

सतत काही दिवस उलट्या होत असतील तर बी१ फार पटकन संपतं, आणि त्याचा परिणाम थेट मेंदू आणि नसांवर होतो. डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, ही धावत जायची वेळ. पण तिथवर थांबूच नका, दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तेव्हाच फोन करा.

दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः बायपास असेल तर, जोडाच्या जागी अल्सर होतो. सिगरेटनेही होतो. दाताचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर सहज लिहून देतात या गोळ्या, त्यांना काय माहीत तुमच्या पोटाचं. पाकिटात एक कार्ड ठेवा, ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, आणि कुठल्या गोळ्या नकोत ते. 'लाँग रिलीज' प्रकारच्या, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आता पूर्वीसारख्या शोषल्या जातीलच असं नाही, तेही विचारून घ्या.

पायरी ६: काटा, केस आणि बाकी दचकवणाऱ्या गोष्टी

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा हलायचा थांबतो. जवळपास सगळ्यांचा. माझा ११ दिवस एकाच आकड्यावर होता आणि मी खात्रीने सांगत होते घरी की माझंच ऑपरेशन फसलं. शरीर पाण्याचा हिशेब जुळवत असतं, परत उतरतं. आठवड्यातून एकदाच वजन करा, रोज नको.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, आंघोळीच्या जाळीवर पुंजका दिसला की पोटात गोळा येतो. ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरलेलं वजन यामुळे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात, आणि सहसा नऊ-बारा महिन्यांपर्यंत परत येऊ लागतात. प्रोटीन आणि लोह बघा, महागडी तेलं नका घेऊ. थंडी जास्त वाजते. बद्धकोष्ठता होते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून काही टीम पहिले सहा महिने त्यासाठीची गोळी देतात, उजव्या बरगडीखाली कळ आली तर तपासून घ्या.

सैल कातडीबद्दल खोटं कशाला बोलू, व्यायामाने स्नायू भरतात, लटकलेली कातडी आत जात नाही. घडीत ओल राहिली की फंगस होतो, नीट कोरडं करा. काढायची असेल तर वजन स्थिर झाल्यावर, साधारण दीड वर्षानंतरच बोला.

बायकांसाठी महत्त्वाचं, वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, ज्यांना वर्षानुवर्षं राहिले नव्हते त्यांनाही. निदान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, दुसरा उपाय विचारा.

दारू एका ग्लासात चढते, पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त. एक घेऊनही गाडी चालवू नका. आणि बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून काही जणांना दारूचं व्यसन लागतं, ज्यांना आधी नव्हतं त्यांनाही. पूर्वी ताण आला की खायचो, ती वाट बंद झाली की मन दुसरी वाट शोधतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही पण लवकर बोला कोणाशी तरी.

पायरी ७: आरसा आणि माणसं

३५ किलो गेल्यावरही मी दोन खुर्च्यांच्या मधून जाताना तिरकी होते. खुर्चीत बसायच्या आधी तिचे हात पकडून हलवून बघते. कपड्यांच्या दुकानात हात आपोआप सगळ्यात मोठ्या साइजकडे जातो. डोळ्यांना शरीर बदललेलं कळतं, डोक्याला दोनेक वर्षांनी कळतं. दर महिन्याला त्याच कपड्यात त्याच भिंतीसमोर फोटो काढा, आरशापेक्षा फोटोवर विश्वास बसतो.

लोक म्हणतील शॉर्टकट मारलास. एडवर्ड मेसन या अमेरिकन सर्जननी वजनासाठीचा गॅस्ट्रिक बायपास १९६६ मध्ये केला, म्हणजे हे काही काल निघालेलं फॅड नाही, पण हे सगळं समजावत बसायची गरजही नाही. मी तीनच प्रकारच्या लोकांना सांगितलं, ज्यांच्यासोबत रोज जेवते ते, ज्यांच्यासोबत झोपते तो, आणि कुठलाही डॉक्टर. बाकीच्यांना "पोटाचा प्रॉब्लेम आहे, थोडंच चालतं" एवढं पुरतं. घरातलं नातंही हलतं जरा. दोघांनी मिळून रात्री काहीतरी चरत बसायचं हा आमचा वेळ होता, तो गेला, आणि नवरा एकदा पटकन बोलून गेला की तू आता कंपनी देत नाहीस. आम्ही मग रात्री चालायला लागलो. पहिला महिना दोघंही तोंड पाडून चालायचो.

पायरी ८: वर्ष-दीड वर्षानंतर

वजन मुख्यतः पहिल्या १२ ते १८ महिन्यांत उतरतं, मग थांबतं, आणि त्यानंतर थोडं परत चढणं हे इतकं कॉमन आहे की कोणी आधी सांगत का नाही याचंच नवल वाटतं. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम या पोटातही सहज उतरतात, चिकनचा तुकडा अडकतो पण चिप्सचं अख्खं पाकीट नाही अडकत. माझे पाच किलो असेच आले, कॉम्प्युटरसमोर बसून. परत टायमर लावला, परत प्रोटीन आधी. खूपच वाढलं तर आता औषधंही आहेत, काहींना दुसरं ऑपरेशनही सुचवतात, पण त्यासाठी टीमसमोर जावं लागतं.

आणि मी तिथेच चुकले. रक्ताच्या तपासण्या ३, ६, १२ महिन्यांनी आणि मग दरवर्षी करायच्या असतात. तिसऱ्या वर्षी वजन वाढलेलं म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली, अपॉइंटमेंट पुढे ढकलली, मग परत ढकलली. गोळ्यांचे अलार्मही त्याच सुमारास मी नुसते बंद करून टाकायला लागले होते. रात्री पायांत मुंग्या यायच्या, मी दोष खुर्चीला दिला, नवीन खुर्चीसुद्धा घेतली. शेवटी गेले तेव्हा बी१२ तळाला होतं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या जायला काही महिने लागले, डाव्या पायाच्या करंगळीत अजून थोडा बधिरपणा आहे. वजन वाढलंय म्हणून टाळत असाल तर काउंटरवर सरळ सांगा की आज काट्यावर उभं राहायचं नाहीये, फक्त रक्त द्यायचंय. मी तसंच सांगितलं होतं, कोणी काही म्हटलं नाही.